कुट्टिकाराचा अधिकार : भेडाघाटच्या एका चित्रपटगीताविषयी

चित्रपटगीताकडे वाङ्मयसमीक्षेने आजवर दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक तर ते करमणुकीच्या बाजारातील माल म्हणून बाजूस सारावयाचे, किंवा एखाद्या प्रतिष्ठित कवीने ते लिहिले असल्यास त्याच्या अन्य काव्याची पुस्ती म्हणून त्याचा ओझरता उल्लेख करावयाचा. दोन्ही दृष्टींत गीताचा स्वतःचा धर्म दुर्लक्षित राहतो. वस्तुतः हा प्रश्न नवा नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातच त्याची मांडणी करून ठेवली आहे. गीतातील शब्दांगाला तो ‘मातु’ म्हणतो, स्वरांगाला ‘धातु’ म्हणतो, आणि दोहोंची निर्मिती एकाच प्रतिभेतून करणाऱ्यास ‘वाग्गेयकार’ ही पदवी देतो. त्यातही त्याने प्रती लावल्या आहेत. धातु सरस आणि मातु मंद असेल तर तो मध्यम. मातु रम्य असूनही धातु मंद असेल तर तो अधम. शब्दांच्या उपासकांना हा निवाडा कडू वाटेल. पण याहून कडू आहे ती त्याची आणखी एक संज्ञा. दुसऱ्याने रचलेल्या धातूवर केवळ मातु बसविणाऱ्याला तो ‘कुट्टिकार’ म्हणतो. वाग्गेयकाराच्या पंक्तीत या कुट्टिकाराला पाट नाही.

चित्रपटासाठी लिहिणारा गीतकार बहुतेक वेळा कुट्टिकारच असतो. चाल तयार असते, प्रसंग सांगितलेला असतो, नायकनायिका ठरलेल्या असतात, आणि तीन-साडेतीन मिनिटांची तबकडीची मर्यादा डोक्यावर टांगलेली असते. अशा स्थितीत जे शब्द जुळविले जातात त्यांना काव्य म्हणावयाचे की नाही, आणि म्हणावयाचे तर कोणत्या अधिकाराने, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो हवेत सोडविता येत नाही. एखादे गीत समोर ठेवूनच त्याची तपासणी झाली पाहिजे. ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६०च्या चित्रपटातील, लता मंगेशकरांनी गायिलेले ‘ओ बसंती पवन पागल’ हे गीत त्यासाठी विशेष सोयीचे आहे. त्याचे शब्द शैलेंद्र यांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे, आणि चित्रण जबलपूरनजीकच्या भेडाघाट येथील नर्मदेच्या संगमरवरी खडकांत झालेले आहे.

चित्रपट राज कपूर यांच्या संस्थेचा, पण दिग्दर्शन राधू कर्मकार यांचे. ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ या चित्रपटांचे छायालेखन करणाऱ्या या कलावंताने दिग्दर्शित केलेला हा एकच चित्रपट होय. कथा दरोडेखोरांची आहे आणि शेवट शरणागतीचा आहे. चित्रपट लोकांपुढे आला त्याच वर्षी, मे १९६० मध्ये, विनोबा चंबळच्या खोऱ्यात पदयात्रेस गेले असता तेथील काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली होती. प्रेक्षकांच्या मनात ती घटना ताजी होती. मात्र चित्रपटाच्या भूगोलात एक गंमत आहे. नाव गंगेचे, कथा चंबळेच्या वळणाची, आणि डोळ्यांना दिसते ती नर्मदा. ही विसंगती कोणाला खटकल्याचे दिसत नाही; गीताच्या बाबतीत तर तीच लाभाची ठरली आहे. चंबळेच्या मातीच्या घळींत हे गीत उभे राहिले असते काय, याची शंका वाटते. ते का, याचा विचार पुढे येईल.

प्रथम गीताची नाट्यातील जागा पाहावयास हवी. भरताने नाट्यात योजावयाच्या ध्रुवागीतांचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाशी जोडलेली ती प्रावेशिकी, निष्क्रमणाशी जोडलेली ती नैष्क्रामिकी. आक्षेपिकी, प्रासादिकी आणि अंतरा हे उरलेले तीन. आपले चित्रपटगीत हे पाश्चात्य संगीतिकेचे अपत्य नसून या ध्रुवेचे दूरचे वंशज आहे, असे मानण्यास जागा आहे. प्रस्तुत गीत उघडच नैष्क्रामिकी आहे. दरोडेखोरांच्या टोळीत सापडलेला भोळा राजू निघून चालला आहे आणि सरदाराची मुलगी कम्मो त्याला थांबवू पाहते आहे. पण जुन्या ध्रुवेत आणि या गीतात एक महत्त्वाचा भेद आहे. ध्रुवा पात्राच्या वतीने दुसरे कोणी गाते आणि जाणाऱ्याच्या मनःस्थितीचे सूचन करते. येथे जाणारा मूक आहे. गाते ती मागे राहणारी. पार्श्वगायनाच्या प्रथेमुळे ओठ पद्मिनीचे आणि कंठ लताबाईंचा, म्हणजे ‘पात्राच्या वतीने दुसऱ्याने गाणे’ ही भरतकालीन योजना मात्र यंत्राच्या वाटेने परत आलीच.

गीताची कल्पना वरवर पाहता अगदी जुन्या साच्यातील आहे. जाणाऱ्या प्रियकराला वसंतातल्या वेड्या वाऱ्याची उपमा दिली आहे, त्याला जाऊ नकोस म्हणून विनविले आहे, आणि लगेच, कोणीतरी याला अडवा हो, असा हाकारा केला आहे. या शेवटच्या हाकाऱ्यात शैलेंद्रांचे शहाणपण दिसते. वाऱ्याला उद्देशून बोलणारी स्त्री एकाएकी आसमंताला उद्देशून बोलू लागते. आणि आसमंतात आहे कोण? दोन्ही काठांवर उभे असलेले पांढरे कडे आणि मधून वाहणारे पाणी. वाऱ्याला अडविणे कड्यांना शक्य नाही, पाण्याला तर नाहीच. हाक दिली जाते आणि ती ऐकणारे कोणी नाही, हे शब्दांत कोठेही सांगितलेले नाही. ते स्थळ सांगते.

पहिल्या अंतऱ्यात गीताचा गाभा आहे. आपण ओसाड वाटेवर दगड होऊन पडलो होतो, तुझे हात हातांत आले आणि जिवंत झालो, असा त्याचा आशय आहे. मराठी वाचकाला येथे अहल्या आठवल्याशिवाय राहणार नाही. पण कवीने अहल्येची कथा जशीच्या तशी घेतलेली नाही. अहल्येचा उद्धार चरणस्पर्शाने होतो, येथे आलिंगनाने. तेथे उद्धार करणारा पुढे निघून जातो आणि कोणी तक्रार करीत नाही, कारण त्याचे जाणे हे देवाचे जाणे आहे. येथे दगडाला जीव आला आहे आणि जीव आल्यामुळेच दुःख करण्याची शक्तीही आली आहे. जिवंत करून सोडून जाणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार अहल्येला मिळाला असता तर तिने काय म्हटले असते, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. इप्टाच्या ज्या वर्तुळात अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्यासारखे शाहीर वावरत, त्याच वर्तुळात, माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातील नोकरी सांभाळून, शैलेंद्रांची कविता वाढली. देवाच्या कृपेची गोष्ट माणसाच्या हक्काच्या भाषेत सांगणे त्यांना सहज जमावे यात नवल नाही.

आणि ही दगडाची प्रतिमा उच्चारली जाते ती भेडाघाटच्या दगडांत! हे खडक काठापासून काठापर्यंत उभे चिरलेले, पांढऱ्यातून निळसर, पिवळसर छटांकडे झुकणारे आहेत. जेम्स फॉर्सिथने १८७१च्या आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात त्यांचे वर्णन केले, तेव्हापासून प्रवासी त्यांच्या रंगांविषयी लिहीत आले आहेत. चित्रपट मात्र कृष्णधवल आहे. चांदण्यातल्या छटा, उन्हातल्या छटा, हे सारे प्रवासवर्णनाचे भांडवल त्यात बाद झाले. उरला तो फक्त पाषाणाचा पांढरेपणा आणि पाण्याचा काळेपणा. हे नुकसान गीताच्या पथ्यावर पडले. रंगीत भेडाघाट ही प्रेक्षणीय जागा झाली असती. कृष्णधवल भेडाघाट हा गीतातील उपमेचा अर्थ झाला आहे. कलादिग्दर्शनाबद्दल मु. रा. आचरेकर यांना आणि संकलनाबद्दल मयेकर यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअरचे पुरस्कार मिळाले, उत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्याच्याकडे गेला. पण या गीतापुरते बोलावयाचे तर सर्वांत मोठा कलादिग्दर्शक नर्मदाच म्हणावी लागेल.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. जबलपूरहून भेडाघाटास जाताना वाटेत तेवर लागते. तीच कलचुरींची त्रिपुरी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा या राजकुलाचा इतिहास प्रथमच सलगपणे विद्वानांपुढे आला. याच त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या दरबारी राजशेखर होता, आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही नाटिका तेथेच रंगभूमीवर आली. राजशेखराचे घराणे महाराष्ट्रातले. त्याचा पूर्वज अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणत. नाटिकेच्या नावातच कोरलेली पुतळी आहे, आणि पुतळीत दिसलेली स्त्री पुढे हाडामांसाची निघते. हजार वर्षांच्या अंतराने, त्याच मुलुखात, दगडाची स्त्री जिवंत होण्याची कल्पना पुन्हा गायिली जावी, हा योगायोगच; शैलेंद्रांनी राजशेखर वाचला होता असे सुचवावयाचे नाही. परंतु काही स्थळे काही प्रतिमांना बोलावून घेतात, असे म्हणावेसे वाटते खरे.

आता धातूकडे वळू. चालीचा पाया जाणकार वसंतमुखारीचा मानतात. पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी अशी या रागाची ठेवण आहे: रिषभ, धैवत, निषाद कोमल, गांधार शुद्ध. कर्नाटक पद्धतीतील वकुळाभरण मेलाशी त्याचे नाते आहे, आणि हिंदुस्थानी पद्धतीत तो रूढ करण्याचे श्रेय आचार्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना दिले जाते. म्हणजे ज्या काळात हे गीत झाले त्या काळात हा राग शिळा झालेला नव्हता. रागाच्या नावात वसंत आहे आणि गीताच्या मुखातही वसंत आहे. परंतु हा राग ऋतुराग नव्हे. तो प्रातःकालीन आहे आणि कोमल स्वरांमुळे त्याची प्रकृती गंभीर, आर्त अशी आहे. शब्द वसंताचा उच्चार करतात आणि स्वर वसंताचा उल्हास नाकारतात. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयतत्त्वांचा विचार मांडला आहे. त्या परिभाषेत सांगावयाचे तर धातु आणि मातु यांच्यात येथे विरोधलय आहे, आणि गीताची ओढ तिच्यातून निर्माण होते. चालीने शब्दांची ‘साथ’ करावी, एवढ्याच अपेक्षेने ऐकणाऱ्याला हे गीत केवळ गोड लागेल.

छंदाच्या अंगाने पाहिले असता आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि कुट्टिकाराच्या प्रश्नावर ती सर्वांत अधिक प्रकाश टाकते. अंतऱ्यातील लांब ओळी ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ अशा मोजणीच्या आहेत. फारसी-उर्दू परंपरेतील रमल वृत्ताचे हे अतिपरिचित रूप. माधव जूलियनांनी मराठी छंदःशास्त्रात त्याला ‘देवप्रिया’ म्हणून स्थान दिले, आणि पुढे मराठी गझलेने ते वापरून गुळगुळीत केले. उर्दू प्रथेप्रमाणे काही दीर्घ अक्षरे ऱ्हस्व उच्चारली की शैलेंद्रांच्या चारही ओळी या मापात काटेकोर बसतात. प्रत्येक अंतऱ्यातील दोन लांब ओळींनंतर मुखड्याकडे परतविणारी एक आखूड ओळ येते. तीही याच मापाची, पण अर्धी, म्हणजे दोन ‘गालगागा’ एवढी. मुखडा मात्र या शिस्तीत राहत नाही. तो सुरू होतो ‘गालगागा’नेच, परंतु ‘पवन’ या शब्दापाशी पाऊल चुकते आणि गण ‘लगागागा’ होऊन बसतो. वाऱ्याचे नाव घेताच वृत्त मोडते! पुढचा नकाराचा आक्रोश तर कोणत्याच गणात बसविलेला नाही. त्यातील आकारान्त अक्षरे स्वर हवा तितका लांबविता यावा म्हणून ठेवलेली दिसतात. स्त्री जेव्हा हाक मारते तेव्हा वृत्त सुटते, आणि ती जेव्हा आठवण सांगते, जाब विचारते, तेव्हा वृत्त परत येते. हाकेला छंद नसतो, युक्तिवादाला असतो.

ही रचना चालीच्या आधी झाली असेल अथवा नंतर. शार्ङ्गदेवाच्या प्रतवारीत तेवढ्यावरून कवीचे स्थान ठरेल, रसिकाच्या अनुभवात ठरणार नाही. शब्दांची शिस्त आणि स्वरांची मोकळीक यांचे सांधे जेथे जुळतात, तेथे दोन कर्त्यांपैकी पहिला कोण, हा प्रश्न निरर्थक होतो. आणि कर्ते दोनच तरी कोठे? शंकर हैदराबादेकडचे, जयकिशन गुजरातेतील बांसद्याचे. त्यांचे सहायक दत्ताराम आणि वाद्यमेळाची स्वरलेखने सिद्ध करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे दोघे गोव्याचे. कवी रावळपिंडीस जन्मलेला आणि मथुरेत वाढलेला, गायिका इंदुरात जन्मलेली, अभिनेत्री त्रावणकोरची, दिग्दर्शक बंगाली. त्या काळी गायिका आणि सारा वाद्यमेळ एकाच दालनात, एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. एकाची चूक म्हणजे सर्वांची पुनरावृत्ती. शार्ङ्गदेवापुढे असा समुदाय नव्हता. त्याच्या शास्त्रात गायकवादकांच्या ‘वृंदा’ची व्यवस्था आहे, पण ती गानाची, निर्मितीच वृंदाने करावी, ही कल्पना त्याला परकी आहे.

मराठीने मात्र याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. आपले नाट्यसंगीत बव्हंशी कुट्टिकारांनीच उभे केले आहे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’तील पदे लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर बेतलेली होती. ‘मानापमाना’च्या वेळी, १९११ साली, गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसविले. त्या शब्दांची ओढाताण सर्वांना ठाऊक आहे. चालींच्या पुण्याईवर ती पदे तरली. उलट बाजूस ‘गीतरामायणा’चे उदाहरण आहे. १९५५-५६ मध्ये माडगूळकरांनी ५६ गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी शब्दांमागून स्वर नेले. भा. रा. तांबे यांची गोष्ट तिसरीच. मध्य भारतात वावरलेल्या या कवीच्या अनेक कवितांना रागाची नोंद जोडलेली आढळते. धातु त्यांच्या मनात आधीच गुणगुणत होता, म्हणून ते वाग्गेयकाराच्या सर्वांत जवळ जातात. या तिन्ही रीतींतून चांगली आणि सामान्य, दोन्ही तऱ्हांची गीते निघाली आहेत. मग रीतीवरून प्रत ठरविण्याचा हट्ट कशासाठी?

२०१६ साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीताला वाङ्मयाचे दार उघडले असे बोलले गेले. ते अर्धेच खरे आहे. डिलन हा शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा, शार्ङ्गदेवाच्या व्याख्येतील वाग्गेयकार. त्याला पाट देण्यात कोणतीही रूढी मोडली गेली नाही. कुट्टिकार अजून उंबऱ्याबाहेरच आहे. अमेरिकेतच त्याहून बोधक उदाहरण सापडते. ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे गीत होगी कारमायकल आणि स्टुअर्ट गॉरेल यांनी १९३० साली रचले. १९६० साली, म्हणजे भेडाघाटच्या गीताच्याच वर्षी, रे चार्ल्सने कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील आळवणीचा सूर त्यात ओतून ते गायिले, आणि १९७९ मध्ये त्या राज्याने ते आपले गीत म्हणून स्वीकारले. शब्द लिहिणाऱ्या गॉरेलचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल? गीत गाणाऱ्याचे झाले, मग प्रांताचे झाले.

शैलेंद्रांच्या गीताचेही पुष्कळसे असेच झाले आहे. त्याला लोकप्रियता मिळाली ती ज्या काळात मिळाली, तोही विचारात घेण्यासारखा आहे. केंद्रीय नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांवर कात्री चालविली. श्रोते सिलोनकडे वळले. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून शासनाला तडजोड करावी लागली. केसकरांचा शास्त्रीय संगीताविषयीचा जिव्हाळा खरा होता, परंतु वसंतमुखारीसारखा राग लक्षावधी कानांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचेल, याचा अंदाज त्यांना आला नाही.

एवढे सगळे म्हटल्यावर गीताची उणीवही सांगितली पाहिजे. दुसरा अंतरा पहिल्याच्या तोडीचा नाही. प्रेमातच जग आहे हे तुझेच वचन आठव, आणि मनाचा डाव मी हरले तर ती हार तुझीच, असा त्याचा रोख आहे. युक्तिवाद चतुर आहे. प्रियकराच्या शब्दांनी त्यालाच बांधण्याची पकड त्यात आहे. पण मनाचा डाव आणि त्यातील हार ही उर्दू शायरीच्या बाजारातील झिजलेली नाणी होत. दगडाच्या प्रतिमेनंतर ती हातात आली की खणखणत नाहीत. शेवटच्या आखूड ओळीत पैंजणांचा उल्लेख येतो, त्यालाही नर्तकी असलेल्या पद्मिनीच्या पावलांमुळे दृश्यात अर्थ मिळतो, नुसत्या शब्दांत तो सजावटीचा राहतो. लताबाईंचा स्वर ही सैल जागा झाकून नेतो. झाकून नेणे हे गायिकेचे कौशल्य आहे; कवीच्या खात्यावर ते जमा करता येणार नाही. पहिल्या अंतऱ्याला मात्र अशा आधाराची गरज पडत नाही. तो कागदावर वाचला तरी उभा राहतो, आणि कुट्टिकाराच्या वतीने जो काही पुरावा दाखल करावयाचा तो या दोन ओळींचाच.

नर्मदेविषयी एक लोककथा मध्य प्रदेशात सर्वत्र सांगितली जाते. शोण नदाशी तिचा विवाह ठरला होता; त्याने प्रतारणा केली असे कळताच ती पाठ फिरवून पश्चिमेकडे वाहू लागली आणि कायमची कुमारी राहिली. तिने कोणाला थांबविले नाही, कोणाला हाक मारली नाही. तिच्याच पात्रात, तिच्याच खडकांवर उभी राहून कम्मो जाणाऱ्याला विनविते. कथेतील स्वाभिमानी नदी आणि गीतातील याचना करणारी स्त्री यांचा हा विरोध पटकथेने योजलेला नाही, कवीनेही नाही. भेडाघाटने तो गीताला दिला आहे. पुढे ‘अशोका’ (२००१) आणि ‘मोहेंजो दारो’ (२०१६) या चित्रपटांच्या मंडळींनीही हेच कडे वापरले. तेथील नावाडी प्रवाशांना होडीतून नेताना यमके जुळवीत खडकांची माहिती सांगतात आणि कोणत्या दगडावर कोणत्या चित्रपटाचे चित्रण झाले ते दाखवितात. त्यांची ही तालावरची बडबड ऐकली म्हणजे कुट्टिकारांची परंपरा जबलपूरच्या पाण्यावर अजून चालू असल्याची खात्री पटते.